शहापूरचा माग आणि इंग्रजांचा लूम

बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापूर, वडगाव, खासबाग ही जुनी विणकर वस्ती. इथे ‘लूम’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लाइट गेली की लूम बंद, सुताचा भाव चढला की लूम तोट्यात. हे मराठीत बोलले जाते तसेच कन्नडमध्येही. दोन्हीकडे लूम म्हणजे विजेवर खटखटणारा पॉवरलूम. तोच शब्द ‘हँडलूम’ होऊन आला की मात्र डोळ्यांपुढे यंत्र येतच नाही, कापड येते: हँडलूमची चादर, हँडलूमचा टॉवेल, हँडलूमची साडी. एकाच इंग्रजी नामाची ही दोन रूपे, एक यंत्राकडे गेले आणि दुसरे मालाकडे. इंग्रजी शब्दकोश उघडला तर ‘कापड विणण्याचे साधन’ असा सरळ अर्थ मिळतो आणि बहुतेकांची चौकशी तिथेच थांबते. ती थांबू नये. या शब्दाने आजवर जी वळणे घेतली, त्यांची कारणे शब्दाच्या पोटात शोधून सापडत नाहीत. ती सापडतात त्याच्या शेजारी नव्याने येऊन उभ्या राहिलेल्या वस्तूंमध्ये. आणि यांतल्या एका वळणावर पुढे कायदा झाला, खटला झाला, शहापूरसारख्या गावात कुणी काय विणायचे हेही ठरले.

सुरुवात जुन्या इंग्रजीपासून. तिथे ‘गेलोमा’ असा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता अवजार, हत्यार, घरातले कोणतेही कामाचे साधन. विणण्याशी त्याचा खास संबंध नव्हता. पुढे आरंभीचा ‘गे’ गळून ‘लोम’ उरला, तरी अर्थ तोच राहिला. आज ज्याला लूम म्हणतात त्या वस्तूसाठी हा शब्द स्थिरावला तो १४००च्या सुमारास. म्हणजे शब्द जुना, पण त्याचा आपल्याला ठाऊक असलेला अर्थ त्या मानाने अलीकडचा. जुना अर्थ पुरता पुसलाही गेलेला नाही. स्कॉटलंडच्या बोलीत कामाच्या हत्याराला ‘वर्क’ला ‘लूम’ जोडून नाव देत, आणि ते हत्यार कुदळही असू शकत असे. नावाड्यांच्या इंग्रजीत वल्ह्याच्या दांड्याला, म्हणजे पाते सोडून हाताकडच्या भागाला, अजूनही लूम म्हणतात. तिथे सूतही नाही आणि कापडही नाही. तिसरा पुरावा सगळ्यांत परिचयाचा, ‘एअरलूम’ हा शब्द. त्यातला पहिला अर्धा म्हणजे वारस, दुसरा म्हणजे हेच जुने अवजार. मालकाच्या मृत्यूनंतर घर-जमिनीबरोबर वारसाकडे जाणारी जंगम वस्तू, असा त्याचा कायद्यातला अर्थ. पुढे दागिने, भांडी, घड्याळे त्यात आली आणि आता तर गावठी वाणाच्या बियाण्यालाही हेच विशेषण लागते. साड्यांच्या जाहिरातीत जेव्हा ‘एअरलूम पैठणी’ म्हणतात, तेव्हा लिहिणाऱ्याला बहुधा वाटत असते की त्यातला लूम म्हणजे पैठणीचा माग. तसा तो नाही, पण चूक मोठी गोड आहे आणि मालही खपवते.

इथेच एक खुलासा करून टाकू. धुक्यातून एखादी गोष्ट अवाढव्य, अस्पष्ट दिसू लागते, त्यासाठी इंग्रजीत लूम असेच क्रियापद आहे. ते सोळाव्या शतकातले, खलाशांच्या भाषेतून आलेले, आणि त्याचे या नामाशी नाते नाही. उत्तरेकडच्या समुद्रातल्या एका पाणपक्ष्यालाही लूम म्हणत. तो शब्द नॉर्स भाषेतला. उच्चार एक झाला म्हणून घराणे एक होत नाही. हा मुद्दा मराठी मागाकडे वळताना पुन्हा लागेल.

कोणत्याही अवजाराचे नाव एकाच अवजाराचे का व्हावे? सरळ उत्तर असे की घरातले सर्वांत मोठे, सर्वांत जास्त वेळ चालणारे आणि घराला पैसा आणणारे अवजार जे असेल, त्याला वेगळे नाव घ्यायची गरज पडत नाही. चौदाव्या शतकात इंग्लंडचा लोकरी कापडाचा धंदा वाढत होता. तिसऱ्या एडवर्डने फ्लँडर्सहून विणकरांना बोलावून आश्रय दिला तो याच शतकात. विणकराच्या घरात ‘अवजार’ म्हटले की ते कोणते, हे विचारावे लागत नसणार. शब्दाचा संकोच आणि धंद्याची वाढ एकाच काळातली आहे, एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण सिद्ध होत नाही, हे कबूल. पण हीच गोष्ट दुसऱ्या भाषेतही घडलेली दिसली तर अंदाजाला वजन येते, आणि ती घडली आहे. हिंदीत मागाला करघा म्हणतात. तो फारसी ‘कारगाह’वरून आला. कार म्हणजे काम, गाह म्हणजे जागा. कारगाह म्हणजे कामाची जागा, कोणताही कारखाना. तो सर्वसाधारण शब्द विणकराच्या एका साधनावर येऊन बसला. इंग्रज आणि हिंदुस्तानी विणकर एकमेकांना न विचारता एकाच वाटेने गेले.

संस्कृतने मात्र नेमका उलटा प्रवास केला आहे आणि तो अधिक रंजक आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे. त्यावरून ‘तन्त्र’ म्हणजे ताणलेले उभे धागे, आणि ते ज्यावर ताणले जातात तो माग. वेदांत हा अर्थ स्पष्ट आहे. मग मागावर धाग्यांची जी शिस्तबद्ध रचना होते तिच्यावरून कोणत्याही रचनेला, पद्धतीला, शास्त्राला तंत्र म्हणू लागले. आज मराठीत तंत्र म्हणजे एखादी गोष्ट करण्याची रीत, आणि तंत्रज्ञान म्हणजे मोबाइलपासून अवकाशयानापर्यंत सगळे काही; मागाचा त्यात मागमूस उरला नाही. इंग्रजीत साऱ्या अवजारांचे नाव आकसून मागावर आले, आपल्याकडे मागाचे नाव पसरून साऱ्या अवजारविद्येला मिळाले.

यावर एक आक्षेप नेहमीचा आहे. शब्दाचा खरा अर्थ त्याच्या मुळात असतो, बाकीचे अर्थ म्हणजे घसरण, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत विद्वानही आहेत. त्यांचा आग्रह मान्य केला तर लूमचा खरा अर्थ कुदळ, बादली, वल्हे असे काहीही ठरेल आणि मागाला लूम म्हणणारे शहापूरचे विणकरच नव्हे, तर मँचेस्टरचे गिरणीमालकही चुकीचे इंग्रजी बोलतात असे म्हणावे लागेल. तंत्रज्ञानाचा खरा अर्थ विणकाम ठरेल आणि अभियांत्रिकी महाविद्यालये कोष्ट्यांच्या ताब्यात द्यावी लागतील. ते काही वाईट होईल असे नाही, पण युक्तिवाद म्हणून हा टिकत नाही. व्युत्पत्तीचे काम शब्द कुठून आला हे सांगण्याचे. आज त्याचा अर्थ काय, हे बोलणाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारावरून आणि तो शब्द कोणत्या दुसऱ्या शब्दापासून स्वतःला वेगळे ठेवतो यावरून कळते.

आता आपला माग. मराठीत माग हे दोन शब्द आहेत. एक ‘माग काढणे’तला, म्हणजे पाऊलखूण, वाट. तो संस्कृत मार्गापासून, प्राकृत ‘मग्ग’मार्गे आला. प्राकृतातले जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होतो, हा मराठीचा पक्का नेम आहे: हत्थचा हात, अग्गीची आग, मग्गचा माग. दुसरा माग विणकराचा. मोह असा होतो की यालाही मार्गाशी जोडावे आणि धोटा ज्या वाटेने धावतो ती वाट म्हणजे माग, असे काव्य रचावे. पण कन्नडमध्ये विणकराच्या मागाला ‘मग्ग’ म्हणतात, तेलुगूत ‘मग्गं’, तुळूतही ‘मग्ग’. उत्तरेकडे पाहावे तर हिंदीत करघा, गुजरातीत शाळ. मार्गापासूनच हा अर्थ निघाला असता तर ज्यांच्याकडे मार्ग हा शब्द आहे त्या उत्तरेच्या भाषांत त्याची काही खूण दिसायला हवी होती. ती दिसते दक्षिणेत. शिवाय कन्नड ‘मग्ग’ मराठीत जुन्या काळी आला असेल तर वर सांगितलेल्या नेमाने त्याचाही माग होणेच स्वाभाविक. म्हणजे नुसत्या रूपावरून निवाडा होत नाही, अर्थाचा भूगोल पाहावा लागतो, आणि तो दक्षिणेच्या बाजूने कौल देतो. उच्चार एक, घराणी दोन. इंग्रजी लूमचे जे झाले तेच.

सीमाभागात असा निष्कर्ष काढला की लगेच शब्द कुणाचा, हा वाद उभा राहतो. शहापूर १९४८ पर्यंत सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते, तर त्याला खेटून असलेले बेळगाव ब्रिटिश मुलुखात. विलीनीकरणानंतर शहापूर मुंबई राज्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले. राज्याची हद्द अशी अनेकदा हलली. विणकराला मराठीत कोष्टी, साळी म्हणा की कन्नडमध्ये नेकार म्हणा, घरातल्या खड्ड्यावर बसवलेल्या त्या साधनाचे नाव दोघांच्या तोंडी जवळजवळ एकच राहिले. शब्द उसना घेतला म्हणून भाषेला कमीपणा येतो, असे मानणाऱ्यांनी हात, आग आणि माग यांतले आपले नेमके किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा.

त्या खड्ड्याकडे थोडे जवळून पाहायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावरून आहे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो. पुढ्यात खळ लावून ताठ केलेले उभे धागे ताणलेले असतात. पायाखालची पट्टी दाबली की निम्मे धागे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात, आणि मधल्या फटीतून कांडी भरलेला धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. मग फणी पुढे ओढून आडवा धागा ठोकून बसवायचा, पाय बदलायचा, धोटा परत. नऊवारी लुगडे अशा हजारो ठोक्यांनी पुरे होते. हे काम हाताइतकेच पायाचे आहे, तरी नाव हातमाग. याची गंमत कुणाला वाटत नाही.

वाटत नाही याचे कारण, ‘हात’ हा शब्द तिथे मागाचे वर्णन करायला आलेलाच नाही. तो फरक दाखवायला आला. जोवर एकाच प्रकारचा माग होता तोवर तो नुसता माग होता. इंग्लंडात जॉन के याने १७३३ साली धोट्याला दोरीचा झटका देऊन पळवण्याची युक्ती काढली. एका माणसाला रुंद पन्हा विणता येऊ लागला, विणकर खवळले, पण मागाचे नाव बदलले नाही. १७८५ साली एडमंड कार्टराइट या पाद्र्याने माणसाच्या बळाशिवाय चालणाऱ्या मागाचे पहिले पेटंट घेतले, तेव्हा मात्र ‘पॉवरलूम’ हे नाव लागले आणि ते रुळल्यावर मागे राहिलेल्या जुन्या साधनाला ‘हँडलूम’ म्हणायची वेळ आली. हजारो वर्षे चाललेल्या वस्तूला तिचे हे नाव शे-दोनशे वर्षांच्या नव्या वस्तूमुळे मिळाले. हातमाग ही वस्तू यंत्रमागापेक्षा कितीतरी जुनी, पण हातमाग हे नाव यंत्रमागाच्या नंतरचे असले पाहिजे, कारण त्याआधी त्याची कुणाला गरजच नव्हती. आपल्याकडे हे वळण विसाव्या शतकात आले. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागिरदार नारायणराव घोरपड्यांनी या धंद्याला बळ दिले, आणि पुढच्या काही दशकांत ते लोण या सगळ्या पट्ट्यात पसरले.

नव्या वस्तूला नाव देताना प्रत्येक भाषेने तिचे वेगळे अंग धरले, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीने बळ धरले. मराठीने यंत्र धरले आणि यंत्रमाग म्हटले. कन्नडने वीज धरली आणि ‘विद्युत् मग्ग’ म्हटले. हातमागाला ‘कैमग्ग’, ‘कै’ म्हणजे हात. काटेकोर पाहिले तर तिन्ही नावे लंगडी आहेत. हातमाग हेही यंत्रच. त्यावर नक्षीसाठी जकार्ड चढवला की भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमावर धागे उचलणारे ते बरेच गुंतागुंतीचे यंत्र होते. वीज म्हणावे तर इंग्लंडातले यंत्रमाग वीज येण्यापूर्वी कित्येक दशके पाण्यावर आणि वाफेवर चालत होते. बेळगाव जिल्ह्यातच गोकाकच्या धबधब्याच्या जोरावर १८८७ साली सूतगिरणी सुरू झाली. आणि नुसते बळ म्हणावे तर विणकराच्या दंडात ते नसते काय? तरीही तिन्ही नावांनी व्यवहारात कधी घोटाळा केला नाही, कारण ती जोडीने वापरली जातात.

घोटाळा होऊ शकला असता तो कायद्यात, आणि म्हणून कायद्याने काय केले ते महत्त्वाचे. हातमागासाठी काही कापडे राखून ठेवणारा केंद्राचा कायदा १९८५ साली झाला. त्यात हातमागाची व्याख्या अशी आहे की यंत्रमाग नसलेला कोणताही माग म्हणजे हातमाग. संपले. हात नाही, पाय नाही, खड्डा नाही, धोटा नाही; जे दुसरे नाही ते हे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही पळवाट वाटते. पण हातमागाचे प्रकार इतके आहेत की एकेकाची लक्षणे मांडू गेले तर मणिपूरच्या कमरेला बांधलेल्या मागापासून शहापूरच्या खड्ड्यातल्या मागापर्यंत सगळ्यांना पुरेल असे एकही लक्षण हाती लागत नाही. सर्वांत समान काय, तर तिथे बाहेरचे बळ नाही, एवढेच. आता बळ म्हणजे काय? १९४८ चा कारखाने कायदा सांगतो: वीज, किंवा यंत्रामार्फत पोहोचणारी अशी ऊर्जा जी माणसाच्या वा जनावराच्या अंगबळातून आलेली नाही. कार्टराइटच्या डॉनकॅस्टरच्या कारखान्यात सुरुवातीला बैल जुंपला होता असे सांगतात. तसे असेल, तर जगातला तो पहिला पॉवरलूम आपल्या कायद्याच्या या कसोटीवर पॉवरलूम ठरत नाही, आणि जो पॉवरलूम नाही तो हँडलूम.

कायद्याच्या व्याख्या म्हणजे वकिली कसरत, खरा अर्थ लोकांच्या तोंडी असतो, असा दुसरा आक्षेप येईल. पण या व्याख्येवर कोण साडी विणू शकतो हे ठरत होते. आरंभी २२ प्रकारचे कापड राखीव होते, पुढे ते ११ वर आले, आणि त्यांत साडी, धोतर, टॉवेल, लुंगी, चादर अशी रोजच्या खपाची कापडे राहिली. यंत्रमागवाल्यांनी कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो वैध ठरवला. मग २०१३च्या सुमारास प्रस्ताव पुढे आला की विणण्याच्या कामांपैकी निदान एक काम जरी माणसाच्या हाताने होत असेल, तरी तशा संकरित मागाला हातमागच समजावे. मांडणाऱ्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती: दिवसभर पाय मारून विणकराची कंबर जाते, तिला मोटरीने थोडा आराम मिळाला तर काय बिघडले? बिघडते ते असे, की निदान एक काम हाताने होत नाही असा साधा यंत्रमाग सापडणे कठीण. कांडी संपली की माणूसच बदलतो, धागा तुटला की माणूसच गाठ मारतो. ती व्याख्या मान्य झाली असती तर यंत्रमाग नावाची वस्तू कागदावरून जवळजवळ नाहीशी झाली असती आणि तिच्याबरोबर हातमागाचे राखीव अंगण. विणकरांच्या संघटनांनी विरोध केला, प्रस्ताव बारगळला. कंबरेचा प्रश्न मात्र व्याख्या वाचवून सुटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

देशातल्या हातमागांच्या चौथ्या गणनेत, २०१९-२० साली, ३५ लाखांवर माणसे या धंद्यात मोजली गेली. ती मोजताना कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे, हे याच नकारार्थी व्याख्येने ठरते. २००६ पासून हातमागाच्या कापडाला लागणारे सरकारी चिन्हही तिच्यावरच उभे आहे. शहापूर-वडगावात आज यंत्रमागांचीच चलती आहे. हातमागाच्या साडीचे नाव अजून कानावर येते, पण गल्लीतून जाताना जो आवाज ऐकू येतो तो मोटरीचा.

आणि आता पॉवरलूमची पाळी आली आहे. रॅपियर, एअरजेट, वॉटरजेट असे बिनधोट्याचे माग आले. त्यांत आडवा धागा चिमट्याने, हवेच्या झोताने किंवा पाण्याच्या धारेने पलीकडे जातो, धोटा हद्दपार. हेही बळावर चालणारेच माग, पण त्यांना कोणी नुसते पॉवरलूम म्हणत नाही. उलट जुन्या, धोट्याच्या पॉवरलूमलाच आता ‘साधा’ हे विशेषण लागले आहे. केंद्र सरकारची २०१७ ची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना साध्या यंत्रमागांच्या सुधारणेसाठी पैसा देत असे. एकेकाळी ज्याच्या धसक्याने लँकशायरच्या विणकरांनी १८२६ साली कारखान्यांत घुसून माग फोडले, तो या योजनेच्या सरकारी अर्जात ‘साधा’ म्हणून नोंदला गेला, आणि सवलत मिळायची तर मालकाला आपला यंत्रमाग साधाच आहे हे दाखवून द्यावे लागले.